खुब्याचा चकवा

मिस्टर हॉलिस जेवणघराच्या दारात उभे राहिले आणि अमेरिकन फुटबॉलच्या अख्ख्या संघाने ताटात डोकं घातलं. एरवी संघाच्या कचेरीतला हा म्हातारा सगळ्यांचा लाडका. कुणाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, कुणाच्या पोराला दात आले का, सगळं त्यांना ठाऊक. पण ऑगस्ट संपताना वर्षातून एक दिवस ते खेळाडूजवळ यायचे, डोक्यावरची टोपी काढायचे आणि म्हणायचे, "कोच बोलावतायत. टॅबलेट घेऊन ये." त्या टॅबलेटवर संघाचे सगळे डाव असत. तो परत मागितला की नोकरी गेली, हे लुइझियानातल्या शेंबड्या पोरालाही कळतं.

कॉर्डेल ब्रूसार टॅबलेट काखेत मारून केव्हाच मुदपाकखान्यात पसार झाला होता.

"मिस ओडेट, मी इथे नाहीये," तो भेंडीच्या खोक्यावर बसत म्हणाला.

संघाच्या स्वयंपाकीण मिस ओडेट गंबोचं, म्हणजे भेंडी घातलेल्या दाट रश्श्याचं, पातेलं ढवळत होत्या. त्यांनी मान वळवली नाही. "दिसतंय ना. इथे नसलेला सहा फुटी बाप्या माझ्या भेंड्या चेंगरतोय."

"फक्त तीन वाजेपर्यंत. तीनला लीगकडे अंतिम संघाची नावं पाठवावी लागतात. मी सापडलोच नाही, तर मला काढणार कसे?"

"माझा पहिला नवराही असंच म्हणायचा. कोर्टाचा कागद हातात घेतलाच नाही तर घटस्फोट होईलच कसा?"

"मग?"

"मग काय! माझ्या दुसऱ्या लग्नाचा केक पाठवला त्याला. तोही घेतला नाही मेल्याने."

कॉर्डेलला हसू आलं, पण ते टिकलं नाही. अकरा वर्षं तो कॉर्नरबॅक होता. समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ गडी सुसाट येणार, आणि याने त्याच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी मागे पळायचं, त्याला सावलीसारखं चिकटायचं, झेल घेऊ द्यायचा नाही. त्याला आणखी एकच वर्ष हवं होतं.

"इमानी पाच वर्षांची झाली," तो म्हणाला. "परवा टीव्हीवर मला बघून विचारते, बाबा उलटा का पळतो? आत्ताशी कुठे तिला समजायला लागलंय, मिस ओडेट. हे एक वर्ष तिच्या लक्षात राहिलं असतं."

पातेल्यात मीठ आधीच पुरेसं होतं, तरी मिस ओडेटनी पुन्हा घातलं.

वाढपाच्या खिडकीतून कॉर्डेल बाहेर बघत होता. मिस्टर हॉलिस टेबलांमधून वाट काढत आले आणि बोळाच्या तोंडाशी थबकले. डावीकडे व्यायामशाळा, उजवीकडे मुदपाकखान्याचं मागचं दार. कॉर्डेलने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलंही नाही. कॉर्नरबॅकला पहिल्या दिवसापासून घोकून घेतात की डोळे फसवतात, खांदे फसवतात, कंबर कधी फसवत नाही. कंबर जिकडे वळली, माणूस तिकडेच जाणार. मिस्टर हॉलिसची कंबर डावीकडे वळली.

"व्यायामशाळेत चालले! तोवर मी मागून सटकतो!" कॉर्डेल टॅबलेट तिथेच टाकून मागच्या दारातून बाणासारखा सुटला, आणि थेट मिस्टर हॉलिसच्या पोटावर जाऊन आदळला.

दोघेही खाली बसले. टोपी घरंगळत कांद्याच्या पोत्यांपाशी गेली.

"तुमची कंबर डावीकडे वळली होती!" कॉर्डेल चिडून म्हणाला. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"खुबा नवा आहे रे," मिस्टर हॉलिस धापा टाकत म्हणाले. "मार्चमध्ये बसवला. मला जायचं असतं इकडे, तो वळतो तिकडे. घरात बायकोसुद्धा रोज फसते."

"अकरा वर्षांत मला असा चकवा कुणी दिला नाही."

हे खोटं होतं. भर मैदानात सत्तर हजार लोकांदेखत त्याला चांगले पट्टीचे चकवे मिळाले होते. पण त्या धंद्यात पहिली शिकवण हीच की झालेलं त्याच क्षणी विसरायचं, नाहीतर पुढच्या डावाला उभंच राहता येत नाही. कॉर्डेल विसरण्यात मोठा पटाईत होता. आजचं मात्र विसरता येईलसं वाटेना.

त्याने म्हाताऱ्याला हात देऊन उठवलं, टोपी उचलून त्याच्या हातात दिली. मिस्टर हॉलिसनी ती आधी डोक्यावर घातली आणि मग नियमाप्रमाणे काढली.

"कोच बोलावतायत," ते म्हणाले आणि अडले. वीस वर्षांत हे वाक्य त्यांना कधी अर्धं सोडावं लागलं नव्हतं.

"टॅबलेट घेऊन ये," कॉर्डेलनेच पुरं केलं.

टॅबलेट मिस ओडेट घेऊन आल्या. भेंडीचा चिकटपणा लागला होता म्हणून त्या एप्रनने पुसत होत्या. तो स्वच्छ झाला तरी पुसतच राहिल्या. शेवटी टॅबलेटबरोबर त्यांनी गंबोचा डबाही त्याच्या हातात कोंबला.

"खारट झालाय," त्या म्हणाल्या. "पोरीला भात जास्त वाढ."

कोचच्या खोलीकडे जाणारा बोळ लांबलचक होता. मिस्टर हॉलिस लंगडत निघाले. कॉर्डेल त्यांच्या पुढे गेला, वळला आणि त्यांच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागला. गुडघे किंचित वाकलेले, एका काखेत टॅबलेट, एका हातात डबा.

"अरे, सरळ चाल की."

"सरळ चाललो की दार दिसतं."

मिस्टर हॉलिस लंगडत, त्याच्या खांद्यावरून पलीकडे नजर ठेवून चालत राहिले.

"थोडं डावीकडे घे, पोरा," काही वेळाने ते हळूच म्हणाले. "मागे बाकडं आहे. हां. आता ये असाच."