बोटीचं धुराडं

ओडेन्सच्या इस्पितळातून एब्बा आणि लाउस्ट गाडीने परत येत होते. डॉक्टरने तिला एप्रिलातल्या ईस्टरपर्यंतचं सांगितलं होतं, त्यापुढचं काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या न्यूबोर्ग गावात शिरल्यावर सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एब्बा म्हणाली, "ती बोट घेऊन टाकू या आता."

"कुठली?" लाउस्टने विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती. खेळण्यांच्या दुकानाच्या काचेत दोन हिवाळे ती पेटी मांडलेली होती. ठोकळे जोडून करायची मोठी फेरीबोट. हिरवा डेक, तपकिरी बाकं, लाल धुराडं. खाडीवर पूल झाला नव्हता तेव्हा नवराबायको दोघंही तशाच बोटीवर कामाला होते. तो खाली मोटारी लावून घ्यायचा, ती वर कॉफी विकायची. दर शनिवारी बाजार करून येताना त्या काचेपुढे त्यांचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"एवढ्या पैशांत खरी होडी येईल," तो म्हणायचा.

"खरी होडी जेवणाच्या टेबलावर मावत नाही," ती म्हणायची.

मग दोघं घरी यायचे.

छोटे संच त्यांनी बरेच जोडले होते. कामाची वाटणी ठरलेली होती. ती ठोकळे निवडून बशीत घालायची, तो जोडायचा. लाउस्टला लाल, हिरवा आणि तपकिरी हे रंग वेगळे दिसत नसत. एकदा ती फोनवर बोलत असताना त्याने एकट्याने एक झाड जोडलं. खोड हिरवं आणि पानं तपकिरी. एब्बाने ते झाड मुद्दाम दर्शनी कपाटात ठेवलं होतं, आल्यागेल्याला दाखवायला.

आठवडाभर तो विचार करत राहिला. पैसे होते. पण एवढी बोट जोडायला त्यांच्या चालीने वर्ष तरी लागलं असतं. अर्धी बोट टेबलावर ठेवून ती निघून जाणार. मग त्या अर्ध्या बोटीचं आपण करायचं काय? हा प्रश्न तिला विचारता येण्यासारखा नव्हता.

शेवटी तिच्या वाढदिवसाला त्याने बोट घेतली. "बदलायची चिठ्ठी लावू ना?" दुकानातल्या मुलीने विचारलं. वस्तू बदलून किंवा परत घ्यायची ती चिठ्ठी भेटीवर नसली तर घेणाऱ्यालाही चुकल्यासारखं वाटतं. लग्नाच्या भेटीलाही लोक ती लावून घेतात. लाउस्टने मान डोलावली.

एब्बाने वरचा कागद काढला, पेटी उलटी केली आणि चिठ्ठी वाचली. पेटी फोडली नसेल तर मेअखेरपर्यंत परत घेऊ.

"मेअखेर," ती म्हणाली. "दुकानवाले डॉक्टरपेक्षा उदार आहेत."

लाउस्टचे कान तापले. "सवयीने लावली गं."

"माहीत आहे मला." तिने सुरी घेतली आणि पेटी फोडली.

आतल्या पिशव्यांवर आकडे असतात. एक फोडायची, त्यातले ठोकळे जोडून संपवायचे, मग पुढची. हे पाच वर्षांच्या पोरालाही माहीत असतं. कॉफी घेऊन तो टेबलाशी बसला. एब्बाने पहिली पिशवी फोडली, पण बशी पुढे केलीच नाही. "आज नको, दमले मी," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो बंदरावरून फिरून आला तर दुसरी पिशवीही फुटलेली. जोडलेलं काहीच नाही.

"अगं, एकेक करायची असते."

"तू फिरायला जात जा, म्हाताऱ्या. मधे मधे करू नकोस."

हे औषधामुळे होत असावं, असं त्याने धरलं. फडताळातले कॉफी गाळायचे कागदही भराभर संपायला लागले. तेही त्याने औषधाच्याच माथी मारलं आणि नवा गठ्ठा आणला.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात ती गेली. पेटी तशीच होती, झाकण लावलेली. मे संपल्यावर त्याने ती चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजाराला देऊन टाकायचं ठरवलं. दोघांनी मिळून एक ठोकळासुद्धा जोडला नव्हता. उचलायच्या आधी त्याने झाकण काढून पाहिलं.

आत कॉफीचे कागद होते. घड्या घातलेले, कपड्यांचे चिमटे लावलेले, ओळीने रचलेले. प्रत्येकावर पेन्सिलीने एक आकडा. त्याने पहिला उघडला. मग कसं जोडायचं ते दाखवणाऱ्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. त्या पानाला लागणारेच ठोकळे कागदात होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. दुसरा कागद दुसऱ्या पानाचा. काही शोधायचं नव्हतं. कुठला हिरवा, कुठला तपकिरी, हे कळायची गरज नव्हती.

पेटी चर्चला गेली नाही. उन्हाळाभर आणि पुढे हिवाळाभर तो रोज संध्याकाळी एक चिमटा काढायचा. मोटारींचा मजला झाला, डेक झाला, बाकं झाली. कॉफी विकायची खिडकीसुद्धा झाली.

पेटीच्या तळाशी एक कागद बिनचिमट्याचा होता, अर्धाच भरलेला. त्याच्या बाजूला शेवटची पिशवी, फोडलेली. तिच्यातले ठोकळे त्याने बशीत ओतले. त्याला सगळे सारखेच दिसले. शेजारच्या कर्स्टेनला हाक मारली तर ती पाच मिनिटांत निवडून देईल. त्याने अजून हाक मारलेली नाही.

बोट टेबलावर आहे. धुराडं लावायचं राहिलं आहे.