चंद्रीचं स्टेशन

साळूबाईनं म्हैस टेम्पोतून उतरवली आणि सरळ रेडिओ स्टेशनच्या पाटीच्या खांबाला बांधली. पाटी नवी कोरी होती. 'बडबड बंद, धमाल सुरू!' असं तिच्यावर लिहिलेलं. साळूबाईला वाचता येत होतं, म्हणून तर तिचं डोकं आणखी फिरलं.

"तुमच्या साहेबाला बोलवा," तिनं वॉचमनला फर्मावलं. "म्हणावं, फुलंब्रीहून चंद्री आलीय. धार काढायला या."

वॉचमननं आधी तिच्याकडं बघितलं, मग म्हशीच्या शिंगांकडं, आणि आत गेला. टेम्पोवाला अल्तमश तिच्याच गल्लीतला. तो टेम्पोतूनच म्हणाला, "मावशी, पुलिस आयी तो मैं क्या बोलूं?" साळूबाई म्हणाली, सांग, म्हैस आजारी हाय आन् औषध आत ठेवलंय.

खोटं नव्हतंच ते. चंद्रीचं रेडकू जन्मल्यावर लगेच गेलं आणि चंद्री पान्हा चोरायला लागली. पेंड घातली, गूळ चारला, पाठ थोपटून थोपटून साळूबाईचा हात दुखला. मग एका सकाळी गोठ्यातल्या रेडिओवर रूपा नावाची कुणी पोरगी बोलली, "उठा मंडळी, चूल पेटवा, गोठा झाडा, रूपा आली!" आणि चंद्रीनं कान हलवले, बादलीत धार वाजली. तेव्हापासून तोच नेम. रूपा जुनी गाणी लावायची, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची सून नोकरीला लागली, ते सांगत बसायची. इकडं साळूबाईची बादली भरायची.

सोमवारी कुणाला काही न सांगता-सवरता सगळं बदललं. रूपा अर्धंच वाक्य बोलली आणि ते मध्येच तोडून नुसतं धाडधाड संगीत सुरू झालं. चंद्रीनं बादलीला लाथ घातली ती घातलीच. आज गुरुवार उजाडला तरी तेच. ढोरांच्या डॉक्टरची सुईही देऊन झाली, वाटीभर निघालं. कास दगडासारखी झाली होती. आज मोकळी झाली नाही तर हातची जाईल, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. बिचारं जनावर मागचे पाय फाकवून उभं होतं आणि ते बघून साळूबाईचं काळीज तुटत होतं.

वॉचमनच्या मागोमाग स्टेशनचा मॅनेजर शिवराज हसत बाहेर आला. त्यानं फार गोड समजावलं. आता सगळीकडं हेच चालतं, बोलणारी माणसं कुणाला नको असतात, आमचा ऐकणारा सकाळी जिममध्ये असतो. गावाकडचे लोक आम्ही आता हिशेबात धरत नाही.

"सरकीच्या पेंडीच्या जाहिराती वाजवताना बरं धरत होता," साळूबाई म्हणाली.

शिवराजचं हसू आटलं. त्यानं मागं वळून बघितलं. काचेच्या दाराआड एक सावळी पोरगी उभी होती. "रूपा, तुला मागच्या खोलीत बसायला सांगितलंय ना? जाहिराती जोड, जा."

साळूबाईनं त्या पोरीला कधी पाहिलं नव्हतं. बादली घेतली, चंद्रीच्या कासेशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "बोल पोरी."

बाहेर पाऊल टाकलंस तर उद्यापासून येऊ नकोस, असं शिवराजनं बजावलं. रूपानं त्या तट्ट फुगलेल्या कासेकडं पाहिलं, आणि दार ढकलून ती बाहेर आली.

"उठा मंडळी..." रूपानं सुरुवात केली. चंद्रीनं कान हलवले, पण आतल्या स्पीकरची धाडधाड काही थांबेना. साळूबाईनं वॉचमनकडं नुसतं बघितलं. तो साहेबाकडं न बघता आत गेला आणि आवाज बंद झाला.

रूपा म्हशीच्या तोंडापाशी गेली. "मंडळी, सोमवारी माझं वाक्य अर्धंच राहिलं. मी म्हणत होते, फुलंब्रीकडं थंडी पडलीय, लेकरांना कानटोपी घाला..." ती बोलत राहिली. डोळे पुसत, नाक ओढत, कुणाकुणाची नावं घेत बोलत राहिली. चंद्रीनं मान खाली घातली, लांब श्वास सोडला, आणि बादलीच्या तळाशी धार वाजली.

शिवराजनं मोबाईल काढला होता. "कमाल! रूपा, परत एकदा म्हण, इकडं बघून. हे लई चालणार. मावशी, उद्या परत आणा हिला, नवा कार्यक्रमच करू."

सड मऊ पडेपर्यंत साळूबाई धार काढत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, बादली घेऊन पायऱ्या चढून दारापाशी गेली आणि सगळी उपडी केली. पिवळं, गाठी झालेलं दूध काचेच्या दाराखालून आत शिरलं. शिवराज बूट उचलून मागं सरला.

"ह्ये नासलंय," ती म्हणाली. "तुमच्यामुळं. म्हणून तुम्हाला."

तिनं दावं सोडून रूपाच्या हातात दिलं. रूपानं एकदा त्या दाराकडं पाहिलं आणि चंद्रीला घेऊन टेम्पोत चढली. अल्तमशनं गाडी सुरू केली तसा टेम्पोतला रेडिओ धडधडला, आणि मागून फळीवर लाथ बसली.

अल्तमशनं रेडिओ बंद केला.