घरपोच

रितेशने मशीनची काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि आतेचा अंगठा पुन्हा तिच्यावर दाबला. मशीनने पुन्हा नकार दिला.

"दुसरं बोट दे," तो म्हणाला.

मथुराने दुसरं दिलं, मग तिसरं. उजवा हात संपला, डावाही संपला. ओटीवर जमलेली माणसं आधी कौतुकाने बघत होती, आता ती एकमेकांकडे बघू लागली.

मथुराचे पाय लहानपणीच पोलिओने गेलेले. कुबड्यांवर चालायची, पण जिभेला कुबडी कधी लागली नाही. अपंगांचं सरकारी मानधन तिला कित्येक वर्षं मिळत होतं. दर महिन्याला ती धुतलेलं लुगडं नेसायची, सकाळची एसटी पकडून लांज्याला जायची आणि बँकेतून पैसे काढून संध्याकाळच्या गाडीने परत यायची.

आता सगळं बदललं होतं. मानधन थेट आधारला जोडलेल्या खात्यात येणार आणि अंगठा लावला की गावातच हातात पडणार. गावाचं मशीन तिच्या भाच्याने, रितेशनेच घेतलं होतं. पहिला अंगठा आतेचा, हे त्याने आधीच जाहीर करून टाकलं होतं.

सगळ्यात जास्त आनंद झाला तो तिच्या भावाला, रावजीला. गेल्या साली एसटीच्या पायरीवरून मथुरा घसरली, तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर होता. "आता हिला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायला नको," असं तो येईल त्याला सांगायचा. बहिणीवर त्याची माया होती, आणि माया करणाऱ्याशी भांडता येत नाही हीच पंचाईत असते.

मथुराने नवी पद्धत घरात सगळ्यांच्या आधी समजून घेतली. अंगठा जुळलाच नाही तर काय, हेही तिने विचारलं होतं. मग स्वतः शाखेत जायचं, पासबुक घेऊन, पहिल्यासारखं, असं रितेशने सांगितलं होतं. पण तसं होत नाय गो आते, असंही तो म्हणाला होता.

आणि आज तसंच झालं होतं.

तिच्या बोटांची सालं निघालेली होती. काजूच्या दिवसांत चिकाने निम्म्या गावाची निघतात, त्याचं कुणाला काही वाटलं नाही. शेजारची सखू मात्र एकदम म्हणाली, की ही इतकी वर्षं काजूच्या कारखान्यात होती, तिथल्या तेलाने बोटांवरच्या रेषाच खाल्ल्या असणार. ते सगळ्यांना पटलं. काजूच्या तेलाने कुणाकुणाचे ठसे गेले याची उदाहरणंही लगेच निघाली.

रावजीने तिच्या कुबड्यांकडे बघितलं. म्हणजे पुन्हा तीच वणवण, तीच एसटी, तीच पायरी. रितेशचं तोंड तर रडवेलं झालं होतं. आख्ख्या गावाला घरपोच पैसे देणार होता तो, आणि स्वतःच्या आतेलाच देऊ शकत नव्हता.

मथुराने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं मशीन चांगलं हाय रे. माझीच बोटं नाय चांगली. जाईन मी लांज्याला, त्यात काय एवढं?"

मंगळवारी ती गेली. कंडक्टरने सवयीने कुबड्या आत घेतल्या, खिडकीजवळची जागा रिकामी करून दिली आणि इतके दिवस कुठे होतीस म्हणून विचारलं. बँकेतल्या मुलीने सही पडताळून पैसे दिले. मग मथुरा स्टँडाबाहेर चिमाकडे गेली. चिमा तिची कारखान्यातली मैत्रीण. आता ती तिथे कोकमं नि आंबोशी विकायला बसायची. दोघींनी चहा मागवला, भजी मागवली, आणि संध्याकाळच्या गाडीपर्यंत गावगप्पांना ऊत आला. आपल्याला इथे किती बरं वाटतं, हे मथुराने घरी कधी सांगितलं नव्हतं. ऐकलंही नसतं कुणी. पाय गेलेल्या बाईला हिंडायची हौस असते, हे भल्या माणसांच्या डोक्यात येत नाही.

बोलता बोलता मशीनची गोष्ट निघाली. सखूचं म्हणणं ऐकून चिमाने मथुराचा हात ओढून उन्हात धरला आणि बोटं निरखली.

"कारखान्यात बिया फोडायला मी होते," चिमा म्हणाली. "तू सोललेले गर निवडायचीस, तेल तुला कधी लागलं नाय. आणि कुबड्या घेऊन काजू वेचायला तुला कोण नेतंय? मग बोटं अशी कशानं झाली?"

मथुराने शेवटचं भजं उचललं.

"ओल्या काजूचा चीक," ती म्हणाली. "रितेशचं मशीन यायचं ठरलं, तेव्हापासून रोज चोळत होते. पावसाळ्यात चोळायला सुक्या बियापण राखून ठेवल्यात."