तिसऱ्या मजल्यावरचा झेंडा

तौफिक कबरस्तानातून परतला तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. अम्मा भिंतीला टेकून बसली होती. पहाटे अब्बा गेल्यापासून ती चकार शब्द बोलली नव्हती. तिनं हात केला, तशी बायकांनी वाट करून दिली. आता ही लेकाच्या गळ्यात पडून रडेल, मोकळी होईल, असं सगळ्यांना वाटलं. अम्मानं त्याचं डोकं जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, "गॅलरीतला झेंडा दिसत नाही रे. बघ आधी."

कठड्याला नुसती सुतळीची टोकं लोंबत होती. पंधरा ऑगस्टची दुपार. मोशीतल्या त्या इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत झेंडा होता. तिसऱ्या मजल्यावर मधोमध शिकलगारांची तेवढी गॅलरी मोकळी, पडलेल्या दातासारखी.

गेल्या वर्षी वाऱ्यानं झेंड्याची काठी आतल्या बाजूला वळली होती. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी जयदीपचा मेसेज आला, 'शिकलगारांचा झेंडा दिसत नाही. सगळं ठीक ना?' पुढं एक हसरा चेहरा. जयदीप काही मनाचा वाईट नव्हता. फक्त आणखी दोन-तीन घरांनी त्या दिवशी झेंडा लावलाच नव्हता, आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

अब्बांनी देहूरोडला लष्कराच्या कारखान्यात उभा जन्म काढला होता. झेंडावंदनाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे, येताना जिलेबी आणायचे. झेंडा त्यांना मनापासून आवडायचा. त्या मेसेजनंतरही आवडायचाच, पण मग ते सारखे गॅलरीत जाऊन गाठ तपासू लागले. आवडीच्या गोष्टीचीही अशी हजेरी द्यावी लागली की माणूस दमून जातो. कालची गाठही त्यांनीच मारली होती, धाप लागलेली असताना.

तौफिक खाली उतरला. झेंडा उडून कुंपणाच्या झाडीत पडला असेल, नाहीतर पार्किंगच्या पत्र्यावर. कुणाच्या पायाखाली आला नाही म्हणजे मिळवलं. नवा आणावा, तर बापाला माती देऊन आलेला माणूस थेट झेंडा घ्यायला गेला, याचीही चर्चा झाली असती. डोक्यावर टोपी, गुडघ्यांना कबरस्तानातली माती, अशा अवतारात तो झाडीत वाकून बघू लागला. चाकणच्या कंपनीत लागोपाठ दोन शिफ्ट केल्यावरही तो कधी इतका थकला नव्हता.

"तौफिकभाऊ, काय हुडकताय?" सकाळच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या आवरत असलेला जयदीप जवळ आला.

"किल्ली पडली."

"मग तुमी कशाला वाकताय राव, आजच्या दिवशी? व्हा बाजूला, मी बघतो." जयदीप खरोखरच बाह्या सारून झाडीत शिरला. नसलेली किल्ली तो मनापासून शोधू लागला, आणि तौफिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरून हाक आली. पद्माकाकू कठड्यावरून वाकून बोलावत होत्या. त्यांच्या घरी जाणं-येणं जुनं. मुकुंदकाकांनी सकाळी अब्बांना खांदा दिला होता.

दारातच काकूंनी त्याला पाणी दिलं. मग कपाटातून झेंडा काढला. इस्त्री केलेला, नीट घडी घातलेला.

"मीच उतरवला रे," त्या म्हणाल्या. "अम्माजवळ बसायला आले होते, तेव्हा दिसला. म्हटलं, या गडबडीत कुणाच्या लक्षात यायचं नाही. सुतक लागलं की आपण दारचं तोरणसुद्धा काढतो. घरातला माणूस गेलाय आणि गॅलरीत सणाचं काही फडकतंय, बरं दिसत नाही ते. राहू दे माझ्याकडे तेरा दिवस."

तौफिकला सकाळपासून रडू आलं नव्हतं. ते आता आलं. त्यांच्यात सुतक नसतं, तेरावं नसतं. शोक असतो, तोही तीन दिवसांचा, पण हे काकूंना सांगावंसं त्याला वाटेना. इतक्या दिवसांत त्या झेंड्याला शिकलगारांच्या घरातला आनंद समजणारं कुणीतरी भेटलं होतं. स्वतःच्या दारचं तोरण उतरवावं, तसा काकूंनी तो उतरवला होता. झेंडा इथंच ठेवावा, काकांच्या दिवाणावर पडावं आणि कुणी उठवेपर्यंत झोपावं, असं त्याला फार वाटलं.

खाली जयदीप कंबरेवर हात ठेवून उभा राहिला होता. किल्ली सापडत नव्हती. त्यानं घाम पुसला आणि सहज मान वर करून इमारतीकडे पाहिलं.

तौफिकनं डोळे पुसले. "द्या काकू, लावून येतो."

"आज? अरे, लोक समजून घेतील."

"तुम्ही नाही लावला तर घेतील."

काकूंनी झेंडा हातातून सोडला नाही. "सुतक आहे रे तुमच्या घरी," त्या कळवळून म्हणाल्या.

"आम्हाला आहे, काकू." त्यानं झेंडा हळूच त्यांच्या हातून सोडवून घेतला. "आमच्या झेंड्याला नाही."