झाडाखालून जाईल असा

"हा नाई. थो मोठा दाखवा," बाबाराव म्हणाले आणि शोरूममधल्या सगळ्यात उंच, लालभडक ट्रॅक्टरवर त्यांनी बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली.

कार्तिकचं तोंड उतरलं. नाचणगावाहून आर्वीपर्यंत सारा रस्ता त्यानं बापाला समजावलं होतं. सगळं पाण्यात!

त्याला संत्र्याच्या बागा साफ करून द्यायचा धंदा सुरू करायचा होता. ट्रॅक्टरच्या मागं स्लॅशर लावून दोन ओळींमधलं गवत कापायचं, पुढच्या लोडरनं शेणखत उचलून टाकायचं. मजूर मिळत नव्हते, सात बागवाले त्याची वाट पाहत होते. पण त्यासाठी झाडाखालून जाईल असा छोटा ट्रॅक्टरच हवा. मोठा घेतला, तर धंदा बसायच्या आधीच उठला म्हणून समजा.

"ट्रॅक्टर म्हंजे दुरून दिसला पाह्यजे," बाबाराव म्हणाले. "हे खेळणं दारात उभं केलं तं लोक हासतीन मले."

"अवो, पण चालवन कोण? लोक का पोरगं?" सीताबाई बोलली. कार्तिकच्या आईचा हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा आला होता, आणि चौथ्यांदा तिच्या नवऱ्याला ऐकू आला नाही.

टेबलामागची पोरगी उठली. कंपनीचा निळा शर्ट, डोक्यावर टोपी, पायात जाडजूड बूट.

"जय भीम, म्याडम," बाबाराव सवयीनं म्हणाले.

"जय भीम, काकाजी. नाव सांगा जी." तिनं वही ओढली. कार्तिकनं नाव सांगितलं, गाव सांगितलं. तिनं आडनाव पुन्हा एकदा विचारलं. मग वही मिटली, दुसरं गिऱ्हाईक सोबतच्या रुपेशकडं धाडलं, गळ्यातलं ओळखपत्र खिशात कोंबलं आणि धुळीसाठी तोंडाला दुपट्टा बांधला.

"चला मागं. बसून ट्रॅक्टर समजत नसते."

मागच्या पटांगणात मुरुमाचा ढीग होता, कमरेएवढं गवत होतं आणि एक बुटका कडुनिंब.

"पहिले मोठा. काकाजी, तुमीच बसा," ती म्हणाली.

बाबाराव ऐटीत बसले. ऐटीत निघाले. कडुनिंबाखालून जाताना सायलेन्सर फांदीत अडकला, फांदी वाकली, सुटली आणि बाबारावांची पांढरी टोपी घेऊन वर गेली. रुपेश खिडकीतून खो खो हसला. सीताबाईनं पदर तोंडाला लावला.

कार्तिक झाडावर चढला. टोपी काढली, झटकली आणि बापाच्या हातात दिली. "बाबा, संत्र्याची फांदी असती तं तोडूनच आली असती."

"तुमी काऊन नाई हासले?" पोरीनं हळूच विचारलं.

"घरी जाऊन हासतो जी."

मग छोटा ट्रॅक्टर निघाला. कार्तिकनं पुढच्या लोडरची बकेट मुरुमात घातली, काठोकाठ भरली आणि जोशात उचलली. मागची चाकं जमिनीवरून सुटली! त्यानं घाबरून बकेट खाली टेकवली.

"काय चुकलं?" पोरीनं विचारलं. सांगितलं नाही, विचारलं.

"मले नाई समजलं. तुमी सांगा."

"पोरीले इचारून राह्यला ट्रॅक्टरचं!" बाबाराव करवादले.

"ज्याले येते त्याले इचारा लागते, बाबा." आवाज चढला नाही.

तिनं मागं स्लॅशर जोडून दिलं. "पुढं वजन उचलाचं तं मागंही वजन पाह्यजे. अन् बकेट जमिनीच्या जवळ ठेवाची, मिरवाची नाई." या वेळी चाकं गप बसली. मुरुमाचा ढीग अर्ध्या तासात इकडचा तिकडं झाला.

पोरीचे प्रश्न मात्र संपेनात. "रोज धुईन कोण?"

"मीच."

"भर कामात बंद पडला तं? लाथा घालसान?"

"पहिले पाहीन, मायं काय चुकलं."

"अन् घरातलं दुसरं कोणी चालवतो म्हटलं तं?"

बाबाराव वैतागले. "म्याडम, ट्रॅक्टर इकून राह्यल्या का परीक्षा घेऊन राह्यल्या?"

कार्तिक खाली उतरला, आईचा हात धरला आणि तिला सीटवर बसवलं. "आई, हा क्लच. घाबरू नको, मी बाजूलेच हाओ."

सीताबाई बासष्ट वर्षांची. आजवर सायकलसुद्धा चालवली नव्हती. पहिल्यांदा ट्रॅक्टर बंद पडला, दुसऱ्यांदा गचकला, तिसऱ्यांदा निघाला. मागं गवत सरसर कापलं जाऊ लागलं. "सरका बाजूले!" ती नवऱ्यावर ओरडली, आणि काय हसली! सोबत चालणारा कार्तिकही हसला. बाबाराव टोपी सावरत बाजूला पळाले आणि पळता पळता स्वतःच हसत सुटले.

"घ्या बाप्पा, छोटाच घ्या," ते धापा टाकत म्हणाले. "बुढी बसली तं हाही दुरून दिसते!"

छोटा ट्रॅक्टर, लोडर, स्लॅशर, तिन्हींचं बुकिंग झालं. कार्तिकनं ट्रॅक्टरच्या बॉनेटवरून हात फिरवला आणि त्याचे डोळे भरून आले. त्यानं ते लपवलेही नाहीत. सीताबाईनं दुपट्ट्यावरूनच पोरीच्या दोन्ही गालांवरून बोटं फिरवून कडाकडा मोडली. तिघं पेढे वाटून बसस्टँडकडं गेले.

"मयुरी, एका ट्रॅक्टरपाई तीन तास?" शोरूमचे मालक ओमप्रकाश पेढा खात म्हणाले. "दुसरी दोन गिऱ्हाइकं रुपेशनं नेली ना!"

"नेऊ द्या जी," मयुरी म्हणाली. तोंडावरचा दुपट्टा सोडला, कडुनिंबाखाली जाऊन तिनं घरी फोन लावला.

"बाबा, रविवारी मले पाहाले नाचणगावचे पाहुणे येऊन राह्यले ना? येऊ द्या. पोट्टा मी पाहून घेतला."