पन्नासावी निर्दोष मुक्तता

"मॅडम, चोरी मीच केलीय," कुलूपवाला चौथ्यांदा म्हणाला.

वकीलबाईंनी पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"अहो, मी तुमची वकील आहे. माझ्यासमोर एवढी मेहनत घेऊ नका."

"पण दुपारी अडीचला चष्म्याच्या दुकानात मीच शिरलो. चाळीस फ्रेमा उचलल्या."

"कुठायत त्या?"

"नदीत टाकल्या."

"का? माशांना कमी दिसायला लागलं होतं?"

तो टेबलावरची धूळ बोटाने पुसू लागला.

बाहेर सुतारांची ठोकाठोक चालली होती. ऑफिस वाढत होतं. दोन मजले झाले होते, तिसरा घेतला होता आणि दर महिन्याला 'घोडदौड' नावाचं बातमीपत्र निघत होतं. थोरल्या वकिलांना येत्या अंकाच्या पहिल्या पानावर पन्नासावी निर्दोष मुक्तता हवी होती. ती जो मिळवून देईल, त्याचं नाव दारावरच्या पाटीवर लागणार होतं. वकीलबाई अकरा वर्षं त्या पाटीखालून आत येत होत्या. आणि पन्नासावा अशील म्हणून त्यांच्या वाट्याला आला होता हा. आपल्या पायांनी चौकीत जाऊन गुन्हा कबूल करणारा.

"तुमची बहीण म्हणते, त्या दुपारी तुम्ही वाहनतळावर गेला होतात."

"ताईला काय कळतंय! तिला तारखा लक्षात राहत नाहीत."

"वाहनतळासमोरच्या बेकरीच्या कॅमेऱ्याला राहतात." त्यांनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. "दोन वीसला आत. तीनला बाहेर."

"तो मी नाही."

"नाक तुमचं आहे."

"असं नाक पुष्कळांचं असतं."

"हातातल्या पिशवीवर तुमच्या दुकानाचं नाव आहे. तेही पुष्कळांचं असतं?"

कुलूपवाल्याने हात जोडले. "मॅडम, हे दाखवू नका. दोन वर्षं होतील, भोगीन मी. उपकार होतील तुमचे."

"कुणाला तरी पाठीशी घालताय ना?"

"तसं समजा."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. खोटं बोलून सुटू पाहणारे अशील त्यांनी ढिगाने पाहिले होते. खोटं बोलून अडकू पाहणारा हा पहिलाच.

कोर्टात न्यायाधीशांनी चित्रीकरण दोनदा पाहिलं. आरोपी मधूनमधून "कबूल, कबूल" म्हणत होता, त्याला खाली बसवण्यात आलं. कबुली खोटी आहे आणि त्या वेळी आरोपी वाहनतळावरच होता, असं निकालात स्वच्छ लिहिलं गेलं. बहिणीने रडत रडत वकीलबाईंचे हात धरले. कुलूपवालाही रडला. आभार मात्र मानले नाहीत.

"बघा, सुटलात तरी तोंड वाकडंच," वकीलबाई वैतागून म्हणाल्या.

'घोडदौड'चा अंक निघाला. चौथ्या दिवशी नवी पाटी लावायला माणूस आला. त्याच्या शिडीला वळसा घालून पोलीस निरीक्षक आत आले. त्यांच्या हातात अंक होता.

"अभिनंदन, मॅडम. ते मूळ चित्रीकरण आहे ना जपून? बेकरीवाल्याकडचं केव्हाच पुसलं गेलंय."

"आहे की. का? अपील करताय?"

"छे हो, चोरीचं प्रकरण मिटलं." निरीक्षक ऐसपैस बसले. "त्या वाहनतळाचा रखवालदार आठ महिने बेपत्ता होता. त्याच दुपारी पावणेतीनला बायकोशी बोलता बोलता त्याचा फोन मध्येच बंद झाला होता. काल तळघरातली बंद टाकी फोडली, तर आत त्याचं प्रेत. त्या वेळी तिथे कोण होतं, ते तेवढं आम्हाला सिद्ध करता येत नव्हतं."