रंगवलेलं दार

खोटं वाटलं तर माझा कान धरा. कपडे शिवायच्या त्या कारखान्यात चाळीस बायकांना आत घालून मालक बाहेरून कुलूप लावायचा. भिंत रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने तिथे एक सताड उघडं दार रंगवलं, आणि बायका दिवसभर तिकडेच बघू लागल्या.

"बंद कर ते दार! वर कुलूपही रंगव!"

"मालक, चित्र आहे हो ते."

"म्हणूनच सांगतोय. नाहीतर तुला पोलिसांत देतो."

रंगाऱ्याने दार बंद केलं, त्यावर कुलूप रंगवलं आणि डबे तिथेच टाकून तो हात धुवायला गेला.

परत येतो तर कुलपात पिवळीधमक किल्ली!

मालकाने त्याची गचांडी धरली. "तुझंच काम हे!"

"सोडा त्याला," काजं करणारी मावशी म्हणाली.



शिलाईची सगळी मशिनं थांबली आणि चाळीस हात वर झाले. प्रत्येकीच्या एका बोटाला ओला पिवळा रंग होता.